हाकाईच्या तिसऱ्या हाकेची कहाणी

बसा गं बायांनो. अक्षता हातात घ्या, मुठी झाका. फोन पालथे घाला. मागच्या बुधवारी कहाणी निम्म्यावर आली आणि कुणाच्या तरी पदराखाली घंटी वाजली. देवी उठून गेली असली तर माझ्या नावानं बोटं मोडू नका. आज भीतीची कहाणी आहे. लेकुरवाळ्यांनी लेकरं जवळ घ्या.

ऐक आई हाकाई, तुझी कहाणी तुलाच सांगते. आटपाट नगर होतं. पूर्वी ते आडवं होतं, घराला घर लागून होतं. मग माणसं वाढली, जागा पुरेना, मग नगर उभं राहिलं. चौदा मजले वर गेलं. त्या नगरात अकराव्या मजल्यावर हेमांगी नावाची एक सून राहायला आली. नवरा मकरंद, नोकरीपायी गावोगाव फिरणारा. घर नवं, भांडी नवी, शेजार अनोळखी.

सासरच्या गावाहून निघताना सासूबाई म्हणाल्या, "पोरी, आपल्या घरात हाकाईचा वसा आहे. तो तू घे."

हेमांगी म्हणाली, "आई, हाकाईची मूर्ती कशी असते? तिचं देऊळ कुठे आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "तिला मूर्ती नाही, देऊळ नाही. जो अडल्यावेळी हाक मारतो, त्याच्या गळ्यात ती बसते."

"मग तिचा वसा कसा वसावा?"

"श्रावणमास यावा. श्रावणातला बुधवार यावा. सकाळी न्हावं, गव्हाची खीर करावी. उंबऱ्याच्या आत भुईवर समई लावावी. मग दाराबाहेर जावं, तीन हाका माराव्या. कुणी उपाशी आहे का? कुणी आजारी आहे का? कुणी एकटं आहे का? तीन दारी स्वतःच्या पायानं जावं. ओ आली तर तिथे खीर द्यावी, घटकाभर बसावं. ओ नाही आली तर घरी यावं, समईपाशी बसून जेवावं. आणि एक गोष्ट बारा महिने पाळावी. कुणी तीनदा हाक मारली, तर तिसऱ्या हाकेला उठावं. कढईत तेल असो, हातात घास असो, ओठांवर मंत्र असो, उठावं."

"तिसऱ्याच हाकेला का?"

"भूत एकदा हाक मारतं. भास दोनदा होतो. तिसऱ्यांदा हाक मारतं ते माणूस. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको."

हेमांगीनं मान डोलावली, वसा घेतला.

पहिला श्रावण आला. हेमांगीनं खीर केली, समई लावली, पॅसेजमध्ये उभी राहिली, तीन हाका मारल्या. दोन दारं उघडलीच नाहीत. मग ती जिना उतरून दहाव्या मजल्यावर गेली. तिच्या घराच्या बरोबर खाली बनूआजी राहत होत्या. लेक परदेशी, आजी एकट्या. आजींनी दार उघडलं, खीर चाखली, म्हणाल्या, "वेलदोडा जरा हात राखून घालत जा गं. पण आलीस, बरं वाटलं." दोघी घटकाभर बसल्या. निघताना हेमांगीनं आपल्या घराची जादा किल्ली आजींकडे ठेवायला दिली. शहरात कुणी तरी आपलं म्हणावं, दुसरं काय? आजींनी ती देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

दुसरा श्रावण आला. तेव्हा मैना जन्मली होती, दीड महिन्याची होती. लेक मांडीवरून खाली ठेवता येईना. मग हेमांगीनं दारातूनच हाका मारल्या, दारातूनच ऐकलं. खीर मकरंदच्या हाती खाली पाठवली. देवीनं तेही गोड मानून घेतलं. ओल्या बाळंतिणीवर कोण रुसतं?

तिसरा श्रावण आला. मैना पाऊल टाकू लागली होती. पायात घुंगुरवाळे होते, घरभर छुमछुम चाले. हेमांगीनं खीर केली, समई लावली, दार उघडलं. समोरच्यांनी कधी तरी विचारलं होतं, "काय हो, तुमच्या गावाकडे असं ओरडतात वाटतं?" ते तिला आठवलं. ती लाजली. दार लावून घेतलं. समईचा फोटो काढला, खिरीचा फोटो काढला, इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कुणी उपाशी आहे का, कुणी आजारी आहे का, कुणी एकटं आहे का. टाकताच जोडलेल्या हातांची रांग लागली. साठ घरांतून साठ नमस्कार आले. ओ एकही आली नाही. हेमांगी मनात म्हणाली, साठ दारी जाऊन आले, सासूबाई तर तीनच म्हणाल्या होत्या! ती जेवायला बसली, पोटभर जेवली.

ऐकलंत ना? पहिल्या वर्षी वसा पायानं केला, दुसऱ्या वर्षी तोंडानं केला, तिसऱ्या वर्षी बोटानं केला. हसू नका. तुमच्या माझ्या बोटांनीही पुष्कळ पुण्य केलंय.

मग दुसरा बुधवार आला. दुपारची वेळ. हेमांगी समईपुढे आरती म्हणत होती आणि ते फोनवर चित्रित करत होती, ग्रुपवर टाकायला. त्या उभ्या नगरात न्हाणीघरांच्या खिडक्यांमागे नळांचा एक अरुंद बोळ असतो, वरपासून खालपर्यंत. त्याला तिथली माणसं डक्ट म्हणतात. एका घरात बादली आपटली तर पाच घरांत ऐकू येते. तर त्या डक्टमधून हाक आली, "हेमांगीऽ"

हाक बारीक होती. हेमांगीला वाटलं, कुणाचा टीव्ही असेल.

पुन्हा हाक आली, "अगं हेमांगीऽ"

तिनं आवाज ओळखला. बनूआजींचा होता. तिला वाटलं, म्हातारं माणूस, डबा उघडत नसेल. आरती झाली की बघू.

तिसरी हाक आली, "हेमांगी, ये गं जरा!"

आता आवाज आरतीत येऊ लागला. मग हेमांगीनं काय केलं? ती उठली. न्हाणीघरात गेली. एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबलं. पंखा घरघरला, त्यात हाक बुडाली. ती परत आली, आरती पहिल्यापासून म्हटली, छान चित्रित झाली. तिला नमस्कार आले सत्तर.

संध्याकाळी दिवेलागणीला बनूआजींची कामवाली आली, तेव्हा कळलं. आजी न्हाणीत घसरल्या होत्या. घोट्याचं हाड मोडलं होतं. दुपारपासून ओल्या फरशीवर पडून होत्या. माणसं जमली, आजींना दवाखान्यात नेलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. हेमांगी अकराव्या मजल्यावर दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. तिला वाटलं, खाली जावं. मग वाटलं, आजींनी विचारलं, ऐकलं होतंस का, तर काय सांगू? ती गेली नाही. तिनं ग्रुपवर लिहिलं, लवकर बऱ्या व्हा. आजींनी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणून हेमांगीला जास्तच भीती वाटू लागली.

मग तिसरा बुधवार आला. दारावर थाप पडली. हेमांगीच्या दाराला कॅमेरा होता, आत भिंतीवर त्याचा पडदा होता. तिनं पाहिलं, एक म्हातारी उभी. डोईला पदर, पाय अनवाणी, हाती काही नाही.

म्हातारी म्हणाली, "बाई, घोटभर पाणी दे."

हेमांगी मनात म्हणाली, खालच्या वॉचमननं हिला सोडलीच कशी?

म्हातारी म्हणाली, "बाई, चौदा मजले चढून उतरले, कुणी दार उघडलं नाही. पाणी दे."

हेमांगी मनात म्हणाली, लेक लहान, मी एकटी, कशाला विषाची परीक्षा?

म्हातारी तिसऱ्यांदा म्हणाली, "बाई, तुझ्या दारी समई आहे, म्हणून थांबले. पाणी दे."

हेमांगी हलली नाही. श्वास धरून उभी राहिली, जसं काही घरात कुणी नाहीच. तेव्हा म्हातारीनं मान वर केली, थेट पडद्यातून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला ऐकायचं नाही ना? मग तुझंही कुणी न ऐको. तुझी हाक तुझ्याच भिंती पितील. जिची हाक तू बुडवलीस, तिच्याच एकटीच्या कानी ती लागेल. ती उठली तर तू तरलीस."

हेमांगीनं धावत जाऊन दार उघडलं. पॅसेजमध्ये कुणी नाही. पायाचा ठसा नाही. तिनं कॅमेऱ्याचं चित्र मागे नेऊन पाहिलं, तर त्यात रिकामा पॅसेज आणि बंद लिफ्ट, एवढंच.

तिनं मनाला समजावलं, भास झाला. पण भास दोनदा होतो, बायांनो. ही तीनदा बोलली होती.

मग काय झालं? गुरुवारी मकरंदचा फोन आला. हेमांगी बोलू लागली. तो म्हणाला, "हॅलो? हॅलो? तुझा आवाजच येत नाही." तिनं लिहून पाठवलं, ते पोचलं. बोलली, ते पोचलं नाही. शुक्रवारी लिफ्टचं दार मिटत होतं, ती ओरडली, "थांबा हो!" आतली चौघं समोर बघत राहिली, दार मिटलं. शनिवारी मैना पाठमोरी खेळत होती. हेमांगी म्हणाली, "मैने!" पोरीनं वळून पाहिलं नाही. हेमांगी जवळ गेली, खांद्याला हात लावला, तेव्हा पोर दचकली.

हेमांगी रडली. आई हाकाई, हे गं काय केलंस! रविवारी ती दहाव्या मजल्यावर गेली. बनूआजी घरी आल्या होत्या, आतून वॉकरचा टक टक आवाज येत होता. हेमांगीनं बेलकडे हात नेला आणि मागे घेतला. सोमवारी गेली, जिन्यातून परत आली. मंगळवारी गेलीच नाही. चूक कबूल करायला एक मजला उतरायचा होता, तोही तिला उतरवेना.

मग चौथा बुधवार आला. हेमांगीनं ठरवलं, आज वसा नीट करायचा. खीर केली, उंबऱ्याच्या आत भुईवर समई लावली, पाच वाती पेटवल्या. मैना हॉलमध्ये गादीवर झोपली होती. हेमांगीच्या हाताला खीर चिकटली होती. ती हात धुवायला न्हाणीत गेली. तेवढ्यात डक्टमधून वारं आलं, दार आपटलं, कुलूप बसलं. तिनं मूठ फिरवली, तर मूठ निसटून हातात आली.

तिला आधी हसू आलं. मग आठवलं, बाहेर समई आहे.

तिनं दार ढकललं. दार हललं नाही. बादली आपटली, तांब्या आपटला. दाराला चरा पडला नाही. आणि बाहेर छुम वाजलं.

मैना उठली होती.

हेमांगी ओरडली, "मैने, तिथेच बस! मैने, दिव्याकडे जाऊ नकोस!" छुम छुम. पोर चालत होती. गादीवरून फरशीवर आली, हे हेमांगीला आवाजावरून कळलं. घुंगरांचा नाद बदलला होता. पोर हसली. लेकरांना ज्योत आवडते, हे तुम्हाला काय सांगायचं?

हेमांगी ओरडली, "समोरच्या वहिनी! धावा हो!" समोरच्या घरात भांडी वाजत होती, ती तशीच वाजत राहिली. ती खिडकीतून ओरडली, "वॉचमनकाका!" खाली शिट्टी वाजत होती, ती तशीच वाजत राहिली. ती आकाशाकडे तोंड करून ओरडली, "देवा, नारायणा!" बाहेर तिच्या फोनवर टिंग वाजलं. कुणी तरी नमस्कार पाठवला होता.

छुम. आणखी जवळ. छुम.

आता एकच कान उरला होता. कुणाचा, ते हेमांगीला ठाऊक होतं. पण कोणत्या तोंडानं हाक मारू? जी बाई माझ्या पंख्याखाली दुपारभर पडून राहिली, तिला कोणत्या तोंडानं म्हणू, ये? आणि ती आली नाही तर? नाहीच येणार. मी असते तर आले नसते. पण पोर होती. पोरीपुढे लाज कसली?

ती डक्टच्या खिडकीशी गेली, गजाला तोंड लावलं आणि हाक मारली, "बनूआजीऽ"

ओ नाही.

छुम वाजलं. मग घुंगरं थांबली. पोर थांबली होती. म्हणजे दिव्यापाशी पोचली होती.

"बनूआजी, अहो आजीऽ"

ओ नाही. खालून कसला तरी घरघर आवाज येत होता. हेमांगीला वाटलं, त्यांनीही पंखा लावला. तिनं कपाळ भिंतीवर आपटलं, सगळा जीव गळ्यात गोळा केला.

"आजी, माझी मैना! दिव्यापाशी आहे! या हो!"

घरघर थांबली. मिक्सर होता तो. आणि खालून आवाज आला, "ओ! आले!"

तो आवाज हेमांगीनं ओळखला. दारातल्या म्हातारीचा आवाज होता तो, आणि बनूआजींचाही होता. दोन आवाज नव्हते, एकच होता.

मग वाट पाहणं आलं. खाली वॉकर वाजला, टक. टक. टक. मग वाजेनासा झाला. लिफ्ट आली की नाही? किल्ली खिळ्यावर आहे की कुठे ठेवली? आजींच्या प्लास्टरच्या पायानं एक मजला म्हणजे किती लांब? हेमांगी दाराला कान लावून उभी होती. बाहेर मैना दिव्याशी बोबडं बोलत होती. फ्रॉकला लेस होती, ती सकाळी हेमांगीनंच हौसेनं घातली होती. कशाला घातली मी, कशाला? तिला जळका वास आला. खरंच आला की मनाचा, तिला कळेना.

मग दाराच्या कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं. वॉकर धाडकन पडला. पोर किंचाळली. मग काहीच आवाज आला नाही.

बायांनो, त्या गप्प बसण्यात हेमांगी तीनदा मेली.

मग आजींचा आवाज आला, धापा टाकत, "पोर माझ्या मांडीवर आहे गं. फ्रॉकची झालर जळालीय, पोरीला काही नाही. रड तू आता खुशाल."

बनूआजी दारात येताच त्यांनी वॉकर टाकला होता, भुईवर लोटांगण घातलं होतं आणि पेटती झालर उघड्या तळहातानं विझवली होती. मग त्यांनी पॅसेजकडे तोंड करून तीन हाका मारल्या. पहिल्या हाकेला कुणी आलं नाही. दुसऱ्या हाकेला एक दार किलकिलं झालं. तिसऱ्या हाकेला समोरच्या वहिनी आल्या, वॉचमन आला, दोन पुरुष आले. न्हाणीचं दार फोडलं.

हेमांगी बाहेर आली. लेकीला उराशी धरलं. मग बनूआजींपुढे फरशीवर बसली. आजींचा तळहात लाल झाला होता, फोड आले होते. हेमांगीनं तो हात आपल्या ओंजळीत घेतला. रडत रडत म्हणाली, "आजी, त्या दिवशी तुमची हाक मी ऐकली होती. तिन्ही हाका ऐकल्या होत्या. मी पंखा लावला."

बनूआजी म्हणाल्या, "ठाऊक आहे. पंख्याचा आवाज खाली येतो गं."



हेमांगी म्हणाली, "मग आज का आलात?"

आजी म्हणाल्या, "पहिली हाक ऐकली तेव्हा म्हटलं, ओरडू दे मेलीला. म्हणून मिक्सर लावला. खोटं कशाला बोलू? दुसरी ऐकली तेव्हा त्या ओल्या फरशीचा गारवा पाठीला लागला. तिसरी ऐकली आणि मी उठलेच होते. वसा तुझा, पण तूच मला सांगितला होतास पहिल्या वर्षी, खीर खाताना. मी तेव्हापासून पाळते."

हेमांगीनं कान धरले, नाक घासलं. आई हाकाई, उतले होते, मातले होते, चुकले. त्याच वेळी मैनाच्या हातून वाटी पडली. हेमांगी म्हणाली, "मैने!" आणि पोरीनं वळून पाहिलं.

मग हेमांगीनं खीर वाढली. पहिली वाटी बनूआजींना. आजींचा हात भाजलेला, म्हणून तिनं घास भरवले. वेलदोडा बेताचा होता. आजींचा घोटा पुढे सांधला, पण वाकडा सांधला. त्या वॉकर घेऊनच चालतात अजून. देवी चूक माफ करते, मोडलेलं हाड पहिल्यासारखं करून देत नाही, हे लक्षात ठेवा.

तेव्हापासून हेमांगी बुधवारी पॅसेजमध्ये उभी राहते. मोठ्यानं तीन हाका मारते. मग जिना उतरते, टक टक ऐकते, दार उघडण्याची वाट पाहते. आता चौदा मजल्यांत सात घरी हा वसा आहे. समई मात्र उंच पाटावर ठेवतात, देवीची काही हरकत नाही.

हाकाई जशी हेमांगीवर कोपली, तशी कुणावर न कोपो. जशी तिला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. तुमच्या हाकेला ओ मिळो, आणि तुमची ओ कुणाच्या तरी वेळेवर पोचो. मुठी उघडा, अक्षता देवीला वाहा. आणि जाता जाता शेजारचं एक दार वाजवा, मग घरी जा. साठ हाकांची ही कहाणी, तिसऱ्या हाकेला सुफळ, एका ओ-ला संपूर्ण.